कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सची परीक्षा म्हणजे नेमकं काय? मार्कंड्यासारख्या गावात राहून तिची तयारी होते का?

"स्क्रीनशॉट काढून ठेव, कामी येईल." व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण झालं की हा सल्ला कुणीतरी देतंच. आपणही स्क्रीनशॉट काढतो आणि निश्चिंत होतो. पण तो चित्रातला मजकूर खरा आहे, मधे कुणी बदललेला नाही, तो याच फोनवर आला होता, हे न्यायाधीशांना पटवून कोण देणार? ते काम करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर फॉरेन्सिक एक्झामिनर म्हणतात. तो माणूस या कामाला लायक आहे की नाही, हे तपासण्यासाठी काही परीक्षा असतात. हा लेख त्या परीक्षांबद्दल आहे.

आणि मार्कंडाच का? गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं हे गाव वैनगंगेच्या काठावर आहे. नदी इथे उत्तरेकडे वाहते आणि पलीकडच्या काठावर चंद्रपूर जिल्हा लागतो. मार्कंडादेवाच्या मंदिरांसाठी गाव प्रसिद्ध, महाशिवरात्रीला मोठी यात्रा. इथल्या किंवा आसपासच्या गावांतल्या बीएस्सी, बीसीए झालेल्या मुलांना ही परीक्षा पुण्या-मुंबईच्या मुलांसाठीच आहे असं वाटतं. तसं नाही. मात्र पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे आधी कळलं पाहिजे, कारण या क्षेत्रात चुकीच्या कोर्सवर घरचे लाखभर रुपये सहज जातात.

आधी जालन्याची गोष्ट

या विषयाचं महत्त्व समजायला जालन्यासारखं उदाहरण नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवलं. गोरंट्याल न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर दाखल झाला. पुरावा? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण.

चित्रीकरणाच्या सीडी होत्या. पण भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे अशा प्रतीसोबत एक प्रमाणपत्र लागायचं : ही प्रत कोणत्या यंत्रातून, कशी निघाली, ते यंत्र नीट चालत होतं का. गोरंट्याल यांनी अधिकाऱ्यांकडे ते पुन्हा पुन्हा मागितलं, मिळालं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तिथल्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जो निकाल दिला, तो आज देशातला प्रत्येक फॉरेन्सिकचा विद्यार्थी वाचतो. मूळ यंत्रच न्यायालयात आणलं तर प्रमाणपत्र नको. पण त्यातून काढलेली प्रत दाखवायची असेल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने ते भागत नाही. मात्र मागणाऱ्याने शक्य ते सगळं केलं आणि दुसऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे ते मिळालंच नाही, तर त्याला अशक्य गोष्टीसाठी अडवता येणार नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन गेली होती आणि ती गोरंट्याल यांनी जिंकली होती!

सांगायचा मुद्दा, एका सीडीच्या कागदपत्रांवर जवळपास सहा वर्षं गेली.

दुसरं उदाहरण थेट गडचिरोलीचं आहे. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी दोषी ठरवलं. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. या खटल्याबद्दल मतं टोकाची आहेत आणि त्यात इथे शिरायचं नाही. पण उच्च न्यायालयाने दिलेल्या कारणांत खटल्याच्या मंजुरीतल्या त्रुटींबरोबर घरझडतीतली जप्ती सिद्ध झाली नाही, आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा पुरावा कायदा व माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तरतुदींप्रमाणे शाबीत झाला नाही, हीही कारणं होती. तुम्ही कोणत्याही बाजूचे असा, तपासातली ही कामं कच्ची राहिली तर खटला कुठे जातो हे यातून दिसतं. माणसं तुरुंगात वर्षं काढतात, नाहीतर गुन्हेगार सुटतो, दोन्ही वाईटच.

न्यायवैद्यक की न्यायसहायक?

वर्तमानपत्रात 'न्यायवैद्यक' लिहितात, सरकारी पाटीवर 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असं असतं. संगणकाच्या बाबतीत सरकारी शब्दच बरा. हार्ड डिस्कला वैद्य कशाला? जाहिराती शोधताना मात्र दोन्ही शब्द टाकून शोधा, नाहीतर निम्म्या जाहिराती दिसणारच नाहीत.

महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कालिन्याला आहे. विदर्भासाठी नागपूरची प्रादेशिक प्रयोगशाळा महत्त्वाची. नागपुरातच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथे डिजिटल आणि सायबर फॉरेन्सिकची पदव्युत्तर पदविका करता येते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठानेही नागपुरात पाय रोवले आहेत. त्याच्या कायमस्वरूपी परिसराचं भूमिपूजन २०२५ मध्ये झालं. थोडक्यात, चामोर्शीच्या मुलाला आता दिल्ली-हैदराबाद गाठायची गरज उरलेली नाही.

मागणी वाढण्याचं कारण कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. कलम १०५ ने झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सांगितलं आहे. आणि ६५ब ची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग झालेत. 'अ' भागावर यंत्र सांभाळणाऱ्याची सही, 'ब' भागावर तज्ज्ञाची. त्या नमुन्यात हॅश कोणत्या पद्धतीने काढला, एमडी५, एसएचए-१ की एसएचए-२५६, हेही भरावं लागतं. म्हणजे काल प्रयोगशाळेत राहणारा शब्द आज तहसीलच्या ठिकाणी टाईप करणाऱ्या माणसालाही लिहावा लागतो.

परीक्षा कोणत्या, आणि कोणती आधी?

जगभरात चालणाऱ्या परीक्षांत भारतात सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे ईसी-कौन्सिलची सीएचएफआय. १५० प्रश्न, चार तास, सगळे पर्यायी. उत्तीर्णतेची रेषा प्रश्नसंचाप्रमाणे ६० ते ८५ टक्क्यांच्या मधे बदलते, म्हणून "इतके गुण पुरेत" असं धरून चालू नका. अधिकृत वर्ग न करताही बसता येतं, पण त्यासाठी माहिती सुरक्षेतल्या दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला आणि १०० डॉलरचं अर्जशुल्क लागतं. ते परत मिळत नाही.

जीआयएसीच्या जीसीएफई आणि जीसीएफए या जास्त वजनदार. जीसीएफईला ८२ प्रश्न, तीन तास, ७० टक्क्यांना पास. गंमत म्हणजे पुस्तक उघडून लिहायची मुभा आहे, छापील कागद कितीही न्या. म्हणून सोपी असेल असं वाटणारे पहिल्या तासातच घामाघूम होतात : पुस्तकात उत्तर कुठे आहे हे शोधायला वेळच नसतो, स्वतःच्या हाताने केलेली सूची बरोबर नसेल तर गठ्ठा तसाच पडून राहतो. एकट्या परीक्षेची फी हजार डॉलरच्या घरात, आणि सॅन्सचा वर्ग त्याच्या कितीतरी पट. कंपनीने खर्च उचलला तरच या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एनकेस या सॉफ्टवेअरची एनसीई परीक्षा दोन टप्प्यांत होते, आधी लेखी आणि मग प्रत्यक्ष पुराव्यावर काम करून अहवाल. आयएसीआयएस या संस्थेची सीएफसीई तर गुरुकुलासारखी आहे. एक मार्गदर्शक तुमच्याकडून एकामागून एक प्रात्यक्षिकं सोडवून घेतो, त्यानंतरच अंतिम परीक्षा. शिकायला याच्यासारखी पद्धत नाही, पण पहिली पायरी म्हणून ती झेपणारी नाही.

आणि आपल्याकडे फारशी कुणी न सांगितलेली परीक्षा म्हणजे फॅक्ट. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ ती घेतं. सर्वांना समान असा फॉरेन्सिकचा भाग आणि त्याबरोबर आपल्या निवडीचा विषय, ज्यात डिजिटल फॉरेन्सिक्स आहे. डॉलरमधली फी नाही, देशी कायदा येतो. पुढची पायरी फॅक्ट प्लस.

मार्कंड्याच्या मुलीने मला विचारलं तर मी हा क्रम सांगेन : आधी पदवी पक्की, कारण सरकारी प्रयोगशाळेच्या जाहिरातीत पहिली अट पदवीची असते, खासगी प्रमाणपत्राची नव्हे. राज्याच्या संचालनालयात संगणक गुन्हे आणि ध्वनिफीत विश्लेषण या कामांसाठी वैज्ञानिक सहायकांची पदं निघतात, ती जाहिरात वाचून शिक्षणाची अट जुळते का बघा. त्यानंतर फॅक्ट. मग खासगी कंपनी, बँक किंवा सल्लागार संस्थेत जायचं असेल तर सीएचएफआय. उलट क्रमाने गेलेली मुलं हातात चकचकीत प्रमाणपत्र घेऊन "पदवी कुठली?" या प्रश्नापाशी अडकतात.

पोलीस दलात आधीच असाल तर वेगळा मार्ग आहे. एनसीआरबीच्या सायट्रेन या पोर्टलवर पोलिसांसाठी, सरकारी वकिलांसाठी आणि न्यायिक अधिकाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आहेत, त्यासाठी खिशातून काही घालावं लागत नाही.

अभ्यासात असतं काय?

मार्कंड्याच्या मंदिरापासूनच सुरुवात करू. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात इथल्या मंदिरांची पाहणी करून नोंद केली. त्यांनी नोंदवलेल्यांपैकी काही आज उभी नाहीत. तरी कुठे काय होतं हे त्या नोंदीवरून कळतं. मुख्य मंदिराचे दगड उतरवून पुन्हा बसवण्याचं काम अलीकडे पुरातत्त्व खात्याने हाती घेतलं. अशा कामात दगड हलवायच्या आधी त्याचं रेखाटन होतं, छायाचित्र निघतं, त्यावर क्रमांक पडतो. क्रमांक न घालता दगड उतरवला की तो नुसता दगड उरतो, मंदिराचा भाग राहत नाही.

संगणकाच्या पुराव्याचं तंतोतंत हेच आहे. हार्ड डिस्क हाती आली की आधी नोंद : कुणाकडून, किती वाजता, कोणत्या क्रमांकाची, सील कसं होतं. नंतर ती ज्या-ज्या हातात गेली त्या प्रत्येकाची सही. याला इंग्रजीत चेन ऑफ कस्टडी म्हणतात, मराठीत ताब्याची साखळी म्हणू. परीक्षेत यावर प्रश्न सोपे वाटतात म्हणून मुलं हे पान उलटतात आणि तिथेच गुण घालवतात.

दुसरी गोष्ट, मूळ डिस्कवर काम करायचं नाही. राईट ब्लॉकर नावाचं उपकरण मधे लावायचं, ते वाचू देतं पण लिहू देत नाही. मग डिस्कची बिट-बाय-बिट प्रत, म्हणजे इमेज, काढायची. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर पुसलेलं, मोकळ्या जागेत उरलेलं काहीच येत नाही.

आता हॅश. कोणत्याही फाइलला गणिताच्या चक्कीतून काढलं की ठरावीक लांबीची एक ओळ मिळते. एमडी५ ची ३२ अक्षरांची, एसएचए-१ ची ४०, एसएचए-२५६ ची ६४. फाइलमधला एक काना बदला, 'मार्कंडा'चं 'मार्कंड' करा, सगळी ओळ बदलते. मूळ डिस्कचा आणि प्रतीचा हॅश जुळला तर प्रत खरी. बघा, एमडी५ आणि एसएचए-१ मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश मुद्दाम घडवता येतो हे सिद्ध झालं आहे, म्हणून आज एसएचए-२५६ बरा. एक मजेशीर खूण : रिकाम्या फाइलचा एमडी५ नेहमी 'डी४१डी८सीडी९' ने सुरू होतो. अहवालात तो दिसला तर समजावं की कुणीतरी शून्य बाइटची फाइल 'जप्त' केली आहे.

पुसलेली फाइल परत कशी येते, यावर हमखास प्रश्न असतो. मतदार यादीतून नाव कमी झालं म्हणून माणूस घरातून नाहीसा होत नाही, फाइलचं तसंच. फॅट पद्धतीत नावाच्या पहिल्या बाइटच्या जागी ई५ बसतं, एनटीएफएसमध्ये एमएफटी या मुख्य नोंदवहीतला एक झेंडा बदलतो. मजकूर जागेवरच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एमएफटीची एक नोंद सहसा १०२४ बाइटची, आणि अगदी छोटी फाइल असली तर तिचा मजकूर त्या नोंदीतच राहतो. मात्र एसएसडी आणि तिच्यातल्या ट्रिम या सोयीमुळे हे गणित बिघडतं. पुसलेला भाग ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकते. जुन्या पुस्तकांत हे नसतं.

फाइलची जात नावावरून ठरवू नका. जेपीईजी चित्र एफएफ-डी८-एफएफ ने सुरू होतं, झिप ५०-४बी ने, म्हणजे 'पीके' या अक्षरांनी. झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरं. वर्डची आजची फाइलही आतून झिपच असते. "बिल.पीडीएफ" नावाच्या फाइलच्या तोंडी पीके दिसलं की तिथे थांबून बघायचं.

वेळ चुकली की सगळं चुकलं

यावर जरा थांबतो, कारण तयारी करणारे सर्वात जास्त इथे अडखळतात आणि खऱ्या खटल्यांतही घोळ इथेच होतो.

समजा महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारी २०२५ रोजी, रात्री बारा वाजून पंधरा मिनिटांनी मार्कंड्याच्या यात्रेत कुणी व्हिडिओ घेतला. एनटीएफएस वेळ जागतिक प्रमाणवेळेत, यूटीसीत, लिहून ठेवतं. आपण त्याच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. म्हणून नोंद दिसेल २५ फेब्रुवारी, १८ वाजून ४५ मिनिटं. तारीखच बदलली! हा फरक न सांगता अहवाल दिला तर बचाव पक्षाचा वकील म्हणेल की यात्रा सुरू व्हायच्या आधीचा व्हिडिओ आहे. फॅट३२ चं मेमरी कार्ड मात्र स्थानिक वेळच लिहितं, तीही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात. एकाच व्हिडिओच्या दोन ठिकाणी दोन वेळा, आणि दोन्ही बरोबर.

अजून एक. पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर फाइल कॉपी केली की तिची 'निर्मिती' वेळ कॉपी केल्याची पडते, पण 'बदल' वेळ जुनीच राहते. म्हणजे फाइल जन्मायच्या आधीच बदलली गेली असं दिसतं. नवखा तपासनीस याला छेडछाड म्हणतो. खरं तर ही कॉपीची साधी खूण आहे, आणि कुणीतरी फाइल बाहेरून आणली हे ती सांगते.

मोजणीची सुरुवातही वेगवेगळी. युनिक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. विंडोज १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. क्रोम ब्राउझरचा इतिहास १६०१ पासूनच, पण मायक्रोसेकंदांत. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीपासून घड्याळ चालू आहे असं लक्षात ठेवा, विसरणार नाही.

हातात महागडं काही नसताना सराव

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो, सोळा असेल तर उत्तम. ऑटोप्सी फुकट मिळतं, एफटीके इमेजर फुकट, रॅम तपासायला व्होलॅटिलिटी फुकट. हे सगळं एकदा गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला चांगलं नेट मिळेल तिथे उतरवून घ्या. नंतर नेट लागत नाही.

पहिला सराव घरच्या जुन्या पेनड्राइव्हवर करा. लहान, चार-आठ जीबीचा असेल तर बरं, इमेज लवकर निघते. आधी तो शून्यांनी पूर्ण पुसा, नाहीतर जुन्या लग्नाचे फोटो वर येत राहतील. मग दहा फाइली टाका, चार पुसा, एकीचं नाव बदलून .टीएक्सटी करा. इमेज काढा, हॅश वहीत लिहा, ऑटोप्सीत उघडा आणि आपणच लपवलेलं शोधा. नंतर तोच पेनड्राइव्ह राईट ब्लॉकरशिवाय लॅपटॉपला लावा, एखादी फाइल उघडून बंद करा, पुन्हा इमेज काढून हॅश बघा. बऱ्याचदा तो बदललेला असेल. "मी तर फक्त लावून बघितला" हे वाक्य पुरावा कसं खराब करतं, ते हा एक प्रयोग शिकवतो.

पुढे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने सरावासाठी ठेवलेल्या इमेज घ्या. त्यातली 'हॅकिंग केस' नवशिक्यांची लाडकी आहे. २००४ साली बेवारस सापडलेला एक डेल लॅपटॉप, साडेचार जीबीच्या आसपासची डिस्क, मिस्टर ईव्हल नावाने वावरणारा संशयित आणि ३१ प्रश्न. यंत्रणा विंडोज एक्सपी आहे, म्हणजे म्हातारी. पण रजिस्ट्री, रिसायकल बिन आणि ईमेल कसे वाचायचे हे इथे पक्कं होतं. ते झालं की त्याच संस्थेची 'डेटा लीकेज केस', जी नव्या विंडोजवर आहे.

प्रत्येक सरावानंतर एक पानाचा अहवाल लिहा. मराठीत लिहिलात तरी चालेल. अहवाल अशा माणसाला कळला पाहिजे ज्याने आयुष्यात हेक्स एडिटर पाहिलेला नाही. न्यायाधीशांनी तो वाचायचा असतो.

आणि मित्राचा, मैत्रिणीचा, चुलतभावाचा फोन 'सराव' म्हणून उघडू नका. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. गुन्हा दाखल झालेल्या माणसाला प्रयोगशाळेत नोकरी कोण देणार?

इंग्रजीची अडचण

मराठी माध्यमातल्या मुलांचे गुण तंत्रापेक्षा प्रश्नाच्या इंग्रजीत जास्त जातात. चारही पर्याय बरोबर असतात, आणि प्रश्न विचारतो 'सर्वात आधी' काय कराल. उदाहरण : छाप्यात संगणक चालू स्थितीत सापडला, आधी काय? घाईत मुलं 'प्लग ओढा' निवडतात. आधी पडद्याचं छायाचित्र, मग रॅम टिपून घेणं, त्यानंतर पुढचं. वीज गेली की नाहीसं होणारं आधी गोळा करायचं, ही या क्षेत्राची धानरोवणी आहे. तिथे क्रम उलटा करता येत नाही. २००२ चा आरएफसी ३२२७ हा छोटा दस्तऐवज हा क्रम देतो. तो मूळ इंग्रजीतच दोनदा वाचून काढा.

मोबाईलचा प्रश्न तर इथल्या भागासाठी मुद्दाम घातल्यासारखा वाटतो. जप्त फोन दुरून पुसता येऊ नये म्हणून त्याला लहरी अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवतात. पण रेंज नसली की फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. जंगलातून प्रवास करताना हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. फोन बंद पडला की पुढे पासवर्डची भिंत. म्हणून पिशवीत पॉवर बँकही जोडतात. नकळत अर्धा धडा तुम्हाला आधीच येतो.

सावध कुठे राहायचं

"शंभर टक्के पास, नोकरीची हमी" असं म्हणणाऱ्या क्लासला फी द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा : तुम्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे अधिकृत केंद्र आहात का, फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर धरलं आहे का, आणि ते व्हाउचर किती महिने चालतं. उत्तर लेखी मागा. तोंडी हो म्हणणारे लेखी द्यायला टाळाटाळ करत असतील तर उत्तर मिळालं. टेलिग्रामवर विकले जाणारे 'खरे प्रश्न' घेणं तर दुहेरी तोट्याचं. त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात, आणि पकडलं गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. न्यायालयात उलटतपासणीत तुमची पात्रता विचारली जाते, तेव्हा हे बाहेर आलं तर तुम्ही तपासलेली आधीची प्रकरणंही संशयात येतात.

रोज दीड-दोन तास आणि आठवड्यातून एक मोठा सराव धरला तर पदवीधराला सहा-आठ महिने लागतात. नोकरी किंवा शेती सांभाळून वर्ष लागलं तरी हरकत नाही.

परीक्षेचा दिवस

सीएचएफआयसारख्या परीक्षा घरूनही देता येतात. दूरवरून एक निरीक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो, खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही, आणि जोडणी तुटली तर पुढचा खुलासा करता करता दिवस जातो. पावसाळ्यात लाईन जाते, इन्व्हर्टर लॅपटॉपला पुरतो पण गावातल्या टॉवरला नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी नागपूर गाठा आणि केंद्रावरच परीक्षा द्या. एसटीचं भाडं आणि एका रात्रीचा मुक्काम, व्हाउचर वाया जाण्यापेक्षा स्वस्त. घरूनच द्यायची असेल तर तारीख हिवाळ्यातली घ्या, आणि महाशिवरात्रीचा आठवडा टाळा. त्या दिवसांत यात्रेतला प्रत्येक माणूस एकाच टॉवरवरून व्हिडिओ कॉल करत असतो.